चार ओळींत न बसणारं

सोमवार, २ सप्टेंबर

वर्तमानपत्राने खेळाचं पान बंद केलं तेव्हा वाटलं होतं, चला, आता लिहिलेलं छाटण्यातून कायमची सुटका झाली. आज नव्या नोकरीत रुजू झाले आणि छोट्या साहेबांनी पहिलंच वाक्य टाकलं, "काकू, जास्त लिहायचं नाही."

काकू! हपिसात सगळे मला काकूच म्हणू लागलेत. साहेब कापडी बूट घालतात आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात 'छोटे' केलंय. फिटंफाट.

काम असं आहे. लोक घरी बसून फोनवर आपापला हॉकीचा संघ मांडतात. खेळाडू खरे, सामने खरे, संघ तेवढा मनातला. खरी पोरगी खऱ्या मैदानावर गोल मारते आणि तिला ज्याने संघात घेतलंय त्याला गुण मिळतात. नामांकित खेळाडू सगळ्यांकडेच असतात. जिंकायचं तर कुणाला माहीत नसलेली पोरगी आधी हेरायला हवी, आणि ते हेरणं माझ्याकडे. आडबाजूची मैदानं फिरायची, ज्युनिअर मुलींचे सामने बघायचे आणि कुणी नजरेत भरली की चार ओळी लिहायच्या. पाचवी ओळ यंत्र घेतच नाही. खाली एक शब्द: घ्या, थांबा किंवा सोडा.

"ज्याला गुण नाहीत ते लिहायचं नाही," साहेब म्हणाले.

"म्हणजे ती हसते कशी, वगैरे?"

त्यांनी पलीकडे बसलेल्या आकडेवाल्याला विचारलं, "हसण्याला किती गुण?"

"शून्य," तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "बिस्किट कपात पडलं तर मात्र उणे धरतो आपण."

हा माणूस मला आवडला.

घरी आल्यावर भाचीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू आणि चार ओळी? तुला दूधवाल्याला चिठ्ठी लिहायला पान लागतं." म्हणून ही दैनंदिनी काढली. तिकडे छाटलं जाईल ते इथे लिहीन.

शनिवार, ७ सप्टेंबर

बर्फाच्या कारखान्यामागे एक मैदान आहे. टर्फ जुना, गोलपुढे घासून टक्कल पडलेलं. कारखान्याच्या भिंतीतून सारखी गार वाफ येते, त्यामुळे त्या बाजूच्या मुली गुडघ्यापर्यंत धुक्यात खेळतात.

डाव्या बगलेत एक काडीपैलवान पोरगी होती. चेंडू मिळाला की स्वतःभोवती गिरकी घेते आणि समोरचीला कळत नाही ही कुठून निसटली. मैत्रिणी तिला भिंगरी म्हणतात. पायांहून जोरात तोंड चालतं. "अगं बाई, माझा पाय आहे तो, जिना नाही!" पंचांनी शिट्टी मारली की ही तोंडाने तश्शीच मारते. दोनदा ताकीद मिळाली, दुसऱ्या वेळी पंच स्वतःच हसत होते. बाप गॅरेजातून थेट आलेला, हात ग्रीसने काळे, कुंपणाबाहेर उभा. सामना संपल्यावर तिने जाळीतून बोट घालून त्याच्याच हाताचं काळं त्याच्याच नाकाला लावलं आणि पळाली. तो नाक न पुसता तसाच उभा राहिला.

मी लिहिलं: "डाव्या बगलेत अतिशय वेगवान. गिरकी घेऊन बचाव फोडते. गोलसमोर पास अचूक. शेवटपर्यंत दमत नाही. घ्या."

टकळी, शिट्टी, नाक, सगळं छाटलं. छाटताना हात जरा अडखळला. एवढ्या वर्षांची सवय, अडखळायला नको होता.

शनिवार, २१ सप्टेंबर

भिंगरी चालली! साहेबांनी मला हपिसातून फोन करून सांगितलं. हजारोंनी तिला संघात घेतलंय, कित्येकांनी तर कप्तान केलंय.

आज मुद्दाम पुन्हा पाहायला गेले. सामन्याच्या तासभर आधी सगळ्यांचे फोनवरचे संघ बंद होतात. त्यानंतर कुणाला बदल करता येत नाही. नेमक्या त्या वेळी भिंगरी बाकावर बसून पाणी पीत होती. बाटली तोंडाला लावलेली, आणि ती थांबली. थांबली म्हणजे अगदी थांबली. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून, बुटांवर पडत राहिलं. बाटली रिकामी झाली. मग तिने ती खाली ठेवली आणि उठून उभी राहिली. शेजारच्या मुली आधीच जराशा सरकून बसल्या होत्या, बहुतेक पाणी उडू नये म्हणून.

मोठ्या खेळाडूंची एकाग्रता अशीच असते. मी ऐकून आहे.

दोन गोल मारले. प्रत्येक गिरकी आधीच्या गिरकीसारखी, जणू एकच ठसा पुन्हा पुन्हा उमटवलाय. समोरचीने तिच्या पायावर पाय दिला तेव्हा तिने पायाकडे फक्त पाहिलं. पंचांची शिट्टी झाली की मी उगाच कान देऊन बसायचे. दुसरी शिट्टी आली नाही.

गुरुवार, २६ सप्टेंबर

भिंगरीचा बाप हपिसात आला होता. पायपुसण्यावर उभा राहिला, आत येईना.

"बाई, तुम्ही काय लिहिलंत तिच्याबद्दल?"

"चांगलंच लिहिलंय हो. सगळे खूश आहेत."

"वाचून दाखवता का?"

मी वाचलं. त्याने ऐकलं. मग म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच लिहितात."

"घरात पण तेवढंच राहिलंय," तो म्हणाला. "जेव म्हटलं की जेवते. झोप म्हटलं की झोपते. मी नाकाला काळं लावून समोर बसलो काल. ती बघत होती, बाई. पण बघत नव्हती."

मी त्याला पाणी दिलं, समजूत घातली. वयात येणाऱ्या मुली अबोल होतात आणि बापांना ते पटकन पचत नाही. नाव झाल्यावर थोडा ताणही येतो. तो मान हलवत गेला. त्याने पेल्याला हातही लावला नव्हता.

त्यानंतर आकडेवाल्याने मला त्याच्या पडद्यापाशी बोलावलं. "माणसाचे आकडे डुगडुगतात, काकू. एक दिवस बरा, एक दिवस पोट बिघडलेलं. ही भिंगरीची रेघ बघा. आपल्या यादीत आली तिथपासून पट्टीने मारल्यासारखी."

"फॉर्ममध्ये आहे ती."

"फॉर्मला सर्दी तरी होते," तो म्हणाला. तो बिस्किट खात नव्हता.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आज घरात जोरदार भांडण झालं. माझी भाची गोलकीपर आहे. ताईच्या गावात धड टर्फ नाही म्हणून शाळा संपल्यापासून माझ्याकडे राहते. पॅड चढवले की गोलात मावत नाही म्हणून तिच्या संघातल्या मुली तिला 'कपाट' म्हणतात आणि तीही ओ देते.

"जगातल्या सगळ्या पोरी दिसतात तुला," ती म्हणाली. "घरातली दिसत नाही."

"नातेवाइकाचं लिहायचं नसतं, राणी. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणायला माहीत तर पाहिजे मी! ज्युनिअरचं हे शेवटचं वर्ष आहे माझं. निवड समितीवाले आता मैदानावर येतच नाहीत, तुमची यादी बघतात. या वर्षी शिबिराला बोलावणं नाही आलं, तर मी परत गावाला आणि बाबांच्या दुकानात. खोकल्याचं औषध, दोन चमचे, जेवणानंतर. जन्मभर!"

दोन चमचे म्हणताना तिने इतकं लांब तोंड केलं की मला हसू आलं. मग तीही हसली. मग रडली. हिचं हे असं, तिन्ही ऋतू एका दुपारी.

खोटं कशाला बोलू, तिचं म्हणणं बरोबर आहे. ती चांगली आहे. भाची नसती तर मी महिन्यापूर्वीच लिहिलं असतं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

लिहिलं. "उंच, गोल पूर्ण झाकते. पेनल्टी कॉर्नरला डगमगत नाही. उजवीकडचे फटके पायाने सहज अडवते. चुकीनंतर लगेच सावरते. घ्या."

छाटलं ते असं: हेल्मेटच्या आत गाते, आणि फार वाईट गाते. सामना सुरू होण्याआधी दोन्ही खांबांना टपल्या मारून म्हणते, "आजोबा, आज मदत करा. आजी, तुम्ही पण." सोपा गोल खाल्ला की स्वतःच खो खो हसते. एवढे फटके अंगावर घेते पण कबुतर जवळून उडालं की खाली बसते. जेवताना माझ्या ताटातलं खाते आणि स्वतःच्या ताटाला हात लावू देत नाही.

एकाही गोष्टीला गुण नाहीत. पाठवताना बोट बटणावर बराच वेळ राहिलं. कुणाच्या तरी नाकावरचं काळं उगाच आठवलं. मग ती मागून येऊन म्हणाली, "दाब की गं!" आणि माझं बोट धरून तिनेच दाबलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

एकही गोल नाही! भिंत आहे माझी पोरगी, भिंत.

मी गोलमागे उभी होते. हेल्मेटमधून आवाज आला नाही. खांबांना तिने हात लावला, पण तो अंतर बघायला. एक कबुतर अगदी तिच्या खांद्यावर येऊन बसलं. मी दचकले, ती नाही. ते बराच वेळ बसलं होतं. पक्षी खांबावर बसतात तसं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

घर फार नीटनेटकं झालंय. तिचे मोजे जागेवर, टॉवेल वाळत, पॅड सरळ भिंतीला लावलेले. रोज ओरडत होते मी याच गोष्टींसाठी, मग आता तक्रार कसली?

जेवताना मी माझं ताट जरा तिच्याकडे सरकवलं. तिने पाहिलं. ताट परत माझ्याकडे सरकवलं, अगदी होतं त्या जागी.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"तयार आहे," ती म्हणाली.

रविवार, २० ऑक्टोबर

शिबिराचं बोलावणं आलं! मी ओरडतच तिच्या खोलीत गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती, गुडघे जुळवून, सामन्याआधी बाकावर बसतात तशी. "हो," ती म्हणाली.

ताईला फोन लावून दिला. एका मिनिटात ताईने मला परत फोन केला. "काय गं, पोरीला झालंय काय? मी रडतेय, बोलतेय, आणि ही नुसती 'हो' म्हणून थांबते. फोनमधून श्वाससुद्धा ऐकू येत नाही. तू तिला रागावलीस का?"

"दमली असेल," मी म्हटलं.

"ती दमली की आईला शिव्या घालते. मला माझी पोरगी माहितीये."

फोन ठेवल्यावर भाचीच्या खोलीचं दार लोटायला गेले. ती अजून तशीच बसली होती. माझ्या डोक्यात एक वेडगळ विचार आला. तो इथेही लिहिणार नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

शनिवारी भिंगरीचा घोटा मुरगळला. नियमाप्रमाणे जखमी खेळाडू यादीतून निघतो. आज तिला भेटायला गेले. गॅरेजच्या मागची खोली, पाय बादलीवर, आणि गॅरेजमध्येच तिचा आवाज ऐकू आला. "बाबा, हा पाना आहे की तुमचा चमचा? सूपमध्ये ग्रीस आहे!"

मी दारातच बसले.

"अगं, तू बोलतेस," मी म्हटलं.

"बाई, आता ही गप्पच होत नाही," बाप म्हणाला. त्याचं नाक काळं होतं.

मी तिला विचारलं, इतके दिवस काय झालं होतं? तिने चमचा खाली ठेवला. "दुखत वगैरे नव्हतं. मी आतच होते. बोलायचं मनात यायचं, पण मग वाटायचं, त्याचा उपयोग काय? बाबा समोर नाक काळं करून बसले होते ना, ते दिसलं मला. हसू कुठून काढायचं तेच सापडेना." मग म्हणाली, "आणि शनिवारी दुपारी गार वाटायचं. खूप लोकांनी एकदम बोट लावल्यासारखं."

मार लागला की मन मोकळं होतं, असंही डॉक्टर सांगतात. बघू. पण उद्याच साहेबांकडे जाणार आहे.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

"सोडा?" साहेबांनी पाय खुर्चीवरून खाली घेतले. "काकू, तुमची भाची सध्या आपली सगळ्यांत लाडकी गोलकीपर आहे. जिंकणाऱ्या खेळाडूला 'सोडा' लिहिलं तर लोक आपल्याला सोडतील."

"नात्यातली आहे. मी लिहायलाच नको होतं. माझी चूक."

"चूक गोड निघाली की तिला कुणी चूक म्हणत नाही."

मी उठले नाही. खुर्ची पुढे ओढून बसले. ताई भाजीवाल्याशी घासाघीस करताना बसते तशी. शेवटी ते म्हणाले, "काढतो. पण त्या जागी लोकांना काहीतरी द्यायला हवं." आणि त्यांनी त्यांची नवी कल्पना सांगितली. यापुढे लोकांना खेळाडूंबरोबर हेरणारा जाणकारही निवडता येईल. त्याने हेरलेली पोरगी चालली की त्याचे गुण. "तुमच्यापासून सुरुवात करू. लोकांचा विश्वास आहे तुमच्यावर."

"मला कोण घेणार? मी काय गिरक्या घेते?"

"तेवढं आमच्यावर सोडा."

मी हो म्हटलं. सौदा स्वस्तात पटला असंच वाटलं. माझ्या चार ओळी आकडेवाल्याने लिहिल्या: "नजर तीक्ष्ण. वेळ काटेकोर पाळते. निर्णय सहसा चुकत नाही. भावनेत वाहत नाही."

"आणि माझे विनोद?" मी विचारलं.

"लिहिले होते, काकू. यंत्राने घेतले नाहीत." तो माझ्याकडे बघत नव्हता. "खरंच टाकायचं का हे? अजून वेळ आहे. मला ती रेघ आवडली नव्हती, आणि ही रेघ पण मीच काढायची."

"वेडा आहेस," मी म्हटलं. "पाठव."

रविवार, ३ नोव्हेंबर

सकाळी अंघोळीच्या खोलीतून गाणं आलं. बेसूर, मोठ्याने, शब्द विसरलेलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. अंडी करपली. ती केस पुसत बाहेर आली, टॉवेल जमिनीवर टाकला आणि म्हणाली, "हे काय, कोळसा खायचा का आज?" आणि माझ्या ताटातला पाव उचलला.

मी तिला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, "मावशी, पॅड घातलेले नाहीत मी!"

दुपारी तिला कळलं की नाव यादीतून निघालं. संध्याकाळी शिबिरवाल्यांचा निरोप आला: यादीत नसलेल्यांना जागा नाही. मग काय विचारता. दारं आपटली, हेल्मेट फेकलं, "तू माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंस" झालं, ताईला फोन झाला, ताईने मला फोन केला. दोघी मायलेकी दोन्ही कानांत ओरडत होत्या. मी मध्ये बसून हसत होते. आयुष्यात इतकी छान शिवी खाल्ली नव्हती.

रात्री जेवायच्या वेळी ती माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ गप्प. पण ही तिची जुनी गप्प होती, नाक ओढणारी. "मावशी, मी आत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा तू रोज ताट सरकवायचीस. मला दिसायचं. घ्यावंसं वाटायचं, पण हात माझा नव्हता." मी म्हटलं, राहू दे ते आता, हे घे. तिने घेतलं. गोलकीपरच्या शिबिरांना काय तोटा आहे? स्वतःच्या बळावर जाईल माझं कपाट.

शनिवार, ९ नोव्हेंबर

माझं नाव यादीत आलं. पुष्कळांनी घेतलं म्हणतात. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी मैदानावर जरा गार वाटलं, बर्फाच्या कारखान्याची वाफ असेल. पण आज मी दुसऱ्याच मैदानावर होते. असो.

लिहिण्याचा वेग वाढलाय. चार ओळी पहिल्या फटक्यात चारच होतात. छाटावं लागत नाही. हे आधी का जमत नव्हतं कोण जाणे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दोन मैदानं पाहिली. उजव्या बगलेतली एक मुलगी, घ्या. बचावातली एक, थांबा.

बचावातलीच्या डोक्यात काहीतरी होतं, फूल किंवा रिबीन. काय ते लक्षात राहिलं नाही. उपयोग नव्हता.

भाचीने जेवताना माझ्या ताटातलं घेतलं. तिच्या ताटात पुरेसं होतं. ते तिला सांगितलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

तीन मैदानं. एक घ्या. दोन सोडा.

दुपारी घराच्या दाराला किल्ली लावून उभी होते. शेजारी जिन्यातून बाजूने जात होते. भाचीने येऊन किल्ली फिरवली आणि मला आत घेतलं. ती म्हणाली, "मावशी, तू कधीपासून उभी आहेस?" वेळ पाहिली नव्हती. हात गार आहेत असं ती म्हणाली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

ताईचा फोन. ती रडत होती. "हो" म्हटलं.

आकडेवाला हपिसात आला नाही. त्याने नोकरी सोडली. जाताना माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला होता. तो परत त्याच्या टेबलावर ठेवला.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

भाची आज सकाळी माझ्यासमोर बसून गायली. सूर बरोबर नाही. मग तिने लांब तोंड करून कुणाची तरी नक्कल केली, औषध, दोन चमचे, जेवणानंतर. मग माझ्याकडे पाहत राहिली.

"हस ना गं," ती म्हणाली. "थोडीशी. खोटं चालेल."

मग तिने ही दैनंदिनी उघडून मला वाचून दाखवली. बर्फाचा कारखाना, तोंडाने शिट्टी मारणारी मुलगी, एका माणसाचं नाक. वाचताना तिचा आवाज दोनदा फुटला. "हे तू लिहिलंयस, मावशी. तुला सगळं दिसायचं. आठव ना."

मजकूर लांब आहे. छाटता येईल. तसं तिला सांगितलं.

तिने वही मिटली. बराच वेळ ती पॅडचे पट्टे ओढून बघत होती. मग म्हणाली, "मी साहेबांकडे जाते. मला परत यादीत टाका, कप्तान करा, काय हवं ते करा, पण हिला काढा म्हणते. ते ऐकतील. त्यांना मी हवीच आहे."

तयारी आहे का, विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आत कसं असतं ते मला माहितीये. म्हणून तर तुला तिथे ठेवणार नाही."

मी म्हटलं, निर्णय योग्य आहे. चांगल्या गोलकीपरला सध्या मागणी आहे. दुपारच्या आत गेलीस तर उद्याच्या सामन्याला नाव लागेल.

ती बूट घालून दारापर्यंत गेली आणि परत आली. तिने दोन्ही हातांनी मला धरलं. श्वास लागलेला, चेहरा ओला. खांद्याला खांदा लावून उभी राहिली, सोडत नव्हती.

पकड मजबूत आहे.